पळसगावचा नाईक, टायबरचे खोरे

‘लंडन गॅझेट’च्या २ नोव्हेंबर १९४४ या तारखेच्या पुरवणीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्याचा मजकूर आहे. मजकूर लहानसा आहे. त्यात तारीख आहे, देशाचे नाव आहे, पलटणीचे नाव आहे आणि काही मिनिटांत उरकलेल्या एका चकमकीचे टप्पे आहेत. डोंगराचे नाव नाही, गावाचे नाव नाही, बटालियनचा क्रमांक नाही. समोर कोणती जर्मन तुकडी होती ते नाही, आणि ही माणसे त्या जागी कशासाठी लढत होती याबद्दल अवाक्षरही नाही.

घाडगे हे आजच्या रायगड आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. माणगावच्या तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. मुंबई–गोवा रस्त्याने किंवा म्हसळ्याकडून श्रीवर्धनला जाणाऱ्या वाटेने प्रवास करणाऱ्यांना ते नाव परिचित असते. मात्र पुतळ्यापासून इटलीतल्या त्या मोर्च्यापर्यंतचा रस्ता बहुतेक कथनांत एका वाक्यात संपतो. गॅझेटमधले मानपत्र, राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची नोंद, पलटणीचा पूर्वेतिहास आणि इटलीच्या मोहिमेचे दिनांकवार कोष्टक असे चार प्रकारचे पुरावे शेजारी ठेवले, तर तो रस्ता बराचसा उलगडतो. शिवाय महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढायांच्या यादीत या चकमकीची जागा कोणती, तेही कळते.

मानपत्राचे वाचन

मानपत्राचा आशय असा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक घाडगे यांच्या हाताखालच्या रायफल सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. उरले एकटे नाईक. ते मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. त्याने मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी झाले. मग टॉमी गनने तिथला आणखी एक जण टिपला. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याच्या घावांनी मारले. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांचा अंत झाला.

लष्करी मानपत्र हा ठरावीक साच्यातला कागद असतो. त्यात धैर्य, निर्धार, कर्तव्यनिष्ठा हे शब्द येणारच. इतिहासलेखकाने साच्याचा भाग बाजूला काढून उरलेल्या तपशिलाला प्रश्न विचारायचे असतात.

पहिला तपशील आकड्यांचा. मशीनगन चालवणारा एक, टॉमी गनने टिपलेला एक आणि दस्त्याने मारलेले दोघे, म्हणजे मोर्च्यात चार जण होते. हल्ला करणारा सेक्शन भारतीय पायदळात साधारण दहा जणांचा असे आणि त्याचे नेतृत्व नाईककडे असे. एका मशीनगनीने आणि चार माणसांनी एक अख्खा सेक्शन जागच्या जागी संपवला, हे या कागदातले पहिले ठोस विधान आहे. त्या काळची जर्मन एमजी ४२ ही मशीनगन मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या झाडू शकत असे. मानपत्रात मशीनगनीचा प्रकार दिलेला नाही, पण जवळून मारा झाल्यावर काय घडत असेल ते या आकड्यावरून समजते.

दुसरा तपशील जखमांचा. गोळ्या छातीत लागल्या आणि पाठीतही. वर्णन शब्दशः घेतले तर मारा एकाहून अधिक दिशांनी आला असावा. म्हणजे तो मोर्चा एकटा नव्हता. आजूबाजूच्या लपलेल्या जागांवरून त्याच्यावर नजर होती, आणि तो शत्रूच्या हाती पडला तर पडलेल्या मोर्च्यावरच गोळीबार करण्याची तजवीज होती. हा अंदाज आहे, पण तो इटलीतल्या जर्मन बचावाच्या पद्धतीशी जुळतो. ती पद्धत पुढे पाहू.

तिसरा प्रश्न साक्षीचा. सेक्शनमध्ये धडधाकट कोणी उरला नव्हता, मग हे पाहिले कोणी? व्हिक्टोरिया क्रॉसच्या शिफारशीला प्रत्यक्षदर्शींची निवेदने जोडावी लागत. तेव्हा साक्षीदार म्हणून जखमी होऊन पडलेले सेक्शनमधले जवान किंवा शेजारून चढणारी कंपनीतली दुसरी माणसे, हेच पर्याय उरतात. आधी हातबॉम्ब, मग गोळ्या, मग दस्ता असा क्रम इतका नेमका आहे की तो लांबून पाहिलेला वाटत नाही. याउलट, सोबत कोणी नाही हे ठाऊक असूनही ते धावले, असे जे मानपत्र म्हणते ते त्यांच्या मनातले आहे. त्याला साक्षीदार असू शकत नाही. धावले हे वस्तुस्थिती म्हणून घ्यावे, मनातले मात्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे अनुमान म्हणून.

जागा कोणती, बटालियन कोणती

जन्मतारीख १६ नोव्हेंबर १९२१ अशी दिली जाते; युद्धस्मारक आयोगाच्या नोंदीत मृत्यूसमयीचे वय २२ आहे. १० जुलै १९४४ रोजी त्यांना बाविसावे वर्ष पूर्ण होऊन जवळजवळ आठ महिने झाले होते. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतात.

जागेच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते, कारण इथे वाचकाला चकवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे त्यांचे नाव कॅसिनो इथल्या स्मारकावर कोरलेले आहे. कॅसिनोची लढाई इटलीच्या मोहिमेतली सर्वांत गाजलेली, आणि चौथी भारतीय डिव्हिजन तिथे फेब्रुवारी–मार्च १९४४ मध्ये लढलेली. त्यामुळे घाडगे कॅसिनोला पडले असा समज सहज होऊ शकतो. पण ज्यांचे थडगे नाही अशा, इटलीच्या मोहिमेतल्या चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे त्या स्मारकावर आहेत, ते कुठेही मरण पावले असोत. कॅसिनो १८ मे रोजीच पडले होते. १० जुलैला आघाडी तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर पुढे सरकली होती.

दुसरा चकवा नावाचा. चकमकीचे ठिकाण मोर्लुपो असे नोंदले जाते. नकाशात हे नाव शोधले तर रोमच्या थोडे उत्तरेला, टायबर नदीच्याच परिसरात, मोर्लुपो नावाचे गाव सापडते. ते हे नव्हे. रोम ४ जूनला दोस्तांच्या हाती आले आणि पेरुजा २० जूनला. त्यानंतर तीन आठवड्यांनी रोमच्या वेशीजवळ जर्मन ठाणे असणे शक्य नाही. इथे अभिप्रेत आहे ते पेरुजाच्याही उत्तरेचे, टायबरच्या वरच्या खोऱ्यातले मोर्लुपो. डोंगरावर वसलेले मोंतोने हे जुने तटबंदीचे गाव याच टापूतले. रोमपासून ते सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून लांब आहे.

बटालियनचा क्रमांकही असाच ताडून घेता येतो. गॅझेट फक्त पलटणीचे नाव देते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये इटलीत होती आणि तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये. टायबरच्या खोऱ्यात आठव्या डिव्हिजनची जागा जूनअखेर दहाव्या डिव्हिजनने घेतली. म्हणजे १० जुलैला मोंतोनेच्या टापूत लढणारी मराठा बटालियन तिसरीच असायला हवी. घाडगे यांच्या नावापुढे सर्वत्र तिसरी बटालियन लावली जाते, ते या तारखांच्या हिशेबातही बरोबर बसते.

सोळा दिवस आणि सतरा दिवस

आता त्या जुलैचा जगाचा नकाशा पाहू. ३ जुलैला सोव्हिएत सैन्याने मिन्स्क घेतले आणि जर्मनीची पूर्व आघाडी मध्यभागी फुटली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जपानी सेनापतींनी इंफाळहून माघार घ्यायचे ठरवले. हिंदुस्थानच्या दारातला धोका टळला. ९ जुलैला प्रशांत महासागरातले सायपान बेट अमेरिकेच्या पूर्ण ताब्यात आले. त्याच दिवशी नॉर्मंडीत ब्रिटिश आणि कॅनेडियन फौजा कां शहरात शिरल्या. दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या घटनांची यादी करणारा कोणीही या आठवड्यावर चार खुणा करील. इटलीवर त्यांतली एकही पडणार नाही.

इटलीत कलाटणी मिळाली होती ती दोन महिन्यांपूर्वी. ११ मेच्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्याने कॅसिनोची फळी मोडली आणि रोम हाती आले. पण दोनच दिवसांनी नॉर्मंडीचे आक्रमण सुरू झाले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. इटलीतले दोस्तांचे सेनापती अलेक्झांडर यांना वाटत होते की माघार घेणाऱ्या जर्मनांचा तसाच पाठलाग केला, तर अपेनाइन पर्वत ओलांडून पो नदीच्या मैदानात उतरता येईल. सुरुवातीचा वेग तसाच होता. रोम ते पेरुजा हे सरळ रेषेतले सुमारे एकशे पस्तीस किलोमीटर अंतर सोळा दिवसांत कापले गेले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. जर्मन सेनापती केसेलरिंग यांनी त्रासिमेनो सरोवराच्या आडव्या रेषेवर जूनअखेरपर्यंत पाठलागाला अडवून धरले. पुढची योजना साधी होती. उत्तरेला अपेनाइनच्या माथ्यावर गॉथिक लाइन नावाची तटबंदीची रांग अपुरी होती. ती पुरी व्हायला वेळ हवा होता. तो वेळ एकेका टेकडीवरून, एकेका मशीनगनच्या मोर्च्यातून मिळवायचा. थोडी माणसे ठेवायची, हल्लेखोराला पूर्ण तयारीनिशी हल्ला करायला भाग पाडायचे, आणि तो झाला की पुढच्या टेकडीवर जायचे.

दुसरी गोष्ट दोस्तांच्या घरातली. दक्षिण फ्रान्समध्ये फौज उतरवायची की इटलीतच जोर लावायचा, यावर चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्यात तीव्र मतभेद होते. २ जुलै १९४४ रोजी निकाल फ्रान्सच्या बाजूने लागला. त्या स्वारीसाठी इटलीतून सात डिव्हिजन, अमेरिकन आणि फ्रेंच, काढून घेण्यात आल्या. त्यांत फ्रेंचांचे डोंगरी युद्धात मुरलेले सैन्यही होते. १५ ऑगस्टला ती स्वारी झाली. डोंगरात लढू शकणाऱ्या फौजेची इटलीत चणचण पडली आणि अपेनाइनच्या कण्यावरचा बराचसा भार भारतीय डिव्हिजनांवर आला. त्या तीन होत्या: चौथी, आठवी आणि दहावी.

दहाव्या डिव्हिजनने टायबरच्या काठचे उंबेर्तिदे ५ जुलैला घेतले. त्याच सुमारास मोंतोने पडले. खोऱ्यातले पुढचे मोठे गाव चित्ता दी कास्तेल्लो. ते हाती आले २२ जुलैला. उंबेर्तिदे ते चित्ता दी कास्तेल्लो हे अंतर सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाही, आणि त्याला सतरा दिवस लागले. जूनमधल्या सोळा दिवसांशी याची तुलना केली की कागदावर न लिहिलेली कलाटणी दिसू लागते. पाठलाग संपला होता आणि टेकड्यांची लढाई सुरू झाली होती. १० जुलै ही तारीख त्या सतरा दिवसांमधली आहे. मानपत्रातला चार माणसांचा मोर्चा, त्याच्यावर नजर ठेवणारे स्नायपर आणि दहा जणांचा संपलेला सेक्शन हे सारे केसेलरिंगच्या वेळकाढू बचावाचे एक लहान, पण पूर्ण उदाहरण ठरते. तो मोर्चा तिथे का होता, या गॅझेटने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

खोऱ्याच्या पश्चिमेला आरेत्सो १६ जुलैला पडले. गॉथिक लाइनवरचा मोठा हल्ला सुरू व्हायला २५ ऑगस्ट उजाडला. केसेलरिंगला हवे असलेले आठवडे मिळाले होते.

पलटणीच्या मागचा इतिहास

तिसरी बटालियन ही १९२२ च्या पुनर्रचनेआधीची ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. पहिल्या महायुद्धात ती सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होती. कुतच्या वेढ्यात ती सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांच्या फौजेसह तिला शरण जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात हीच बटालियन मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनला लढली आणि तिथली ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी तिने घेतली. पूर्व आफ्रिकेतल्या इटालियन सत्तेचा कणा केरेनला मोडला.

केरेनला या बटालियनचे नेतृत्व करत होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. पुढे ते उत्तर आफ्रिकेत कैद झाले, इटलीतल्या कैदेतून निसटले, आणि १९४४ मध्ये मेजर जनरल म्हणून दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले. म्हणजे जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या मराठा बटालियनला पुढे धाडणारा डिव्हिजनचा सेनापती त्याच बटालियनचा जुना कमांडर होता. डोंगरावर चढून ठाणे घेणे हे काम या बटालियनकडे वारंवार का आले, हे समजायला हा धागा उपयोगी पडतो.

कुलाब्याची बाजू

कुलाबा जिल्ह्याचे ब्रिटिश गॅझेटिअर १८८३ मध्ये निघाले तेव्हा त्यात कुलाबा आणि जंजिरा संस्थान एकत्र घेतले होते, कारण किनारा दोघांत वाटलेला होता. १९४४ मध्येही तसेच होते. माणगाव, महाड, अलिबाग, पेण इंग्रजी मुलखात. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन जंजिऱ्याच्या नवाबाकडे. त्या युद्धात हिंदी लष्कराची संख्या पंचवीस लाखांवर गेली आणि ती सारी स्वेच्छाभरती होती.

याच जिल्ह्यात राजसत्तेविरुद्धचा लढाही तितकाच खरा होता. चिरनेरचा जंगल सत्याग्रह १९३० चा. महाडला सप्टेंबर १९४२ मध्ये ‘चले जाव’च्या मोर्च्यावर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली, महाड माणगावला लागूनच आहे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत माणगावचा एक तरुण इंग्लंडच्या राजाच्या फौजेत इटलीत लढताना मेला, आणि त्याच्या शौर्याची घोषणा त्याच राजाच्या नावाने झाली. या दोन गोष्टींची तडजोड करून एकच सोयीस्कर गोष्ट रचण्याचा मोह टाळावा. कागद दोन्ही गोष्टींची साक्ष देतात, आणि त्या जिल्ह्याचा इतिहास दोन्हींचा मिळून होतो.

मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट १४ एप्रिल १९४४ रोजी झाला. बंदराच्या पलीकडचा उरणचा किनारा कुलाब्याचा. एका बाजूला दाराशी आलेले युद्ध आणि दुसऱ्या बाजूला टायबरच्या खोऱ्यातले युद्ध, या किनाऱ्याने तीन महिन्यांच्या अंतराने दोन्ही पाहिली.

दोन क्रॉस, नऊ महिने

इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांतले सहा हिंदी लष्कराच्या जवानांना मिळाले. १२ मे १९४४ ला कमल राम, १० जुलैला यशवंत घाडगे, सप्टेंबरमध्ये शेर बहादूर थापा, नोव्हेंबरमध्ये थमन गुरुंग, आणि ९ एप्रिल १९४५ या एकाच दिवशी अली हैदर व नामदेव जाधव. मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, ५,७८२ मेले. मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटालियन इतिहासकारांनी २०२३ मध्ये तिथे घाडगे यांच्या नावाने छायाघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वाक्य त्यावर आहे.

या सहांपैकी घाडगे आणि जाधव हे दोघे एकाच पलटणीचे. नामदेव जाधव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, पहिल्या बटालियनचे शिपाई. सेन्यो नदीच्या काठी जखमी साथीदारांना वाचवून त्यांनी जर्मन मशीनगनचे मोर्चे निकामी केले आणि ते जिवंत परतले. दोन्ही मानपत्रे एकापाठोपाठ वाचली तर मजकुराचे साम्य डोळ्यांत भरते. दोन्हींत जवळून होणारा मशीनगनचा मारा आहे, आजूबाजूचे सारे पडलेले आहेत, आणि एकट्या माणसाने घेतलेला मोर्चा आहे. दोन्ही घटनांमध्ये जवळजवळ नऊ महिने गेले. मोंतोनेपासून सेन्योच्या त्या भागापर्यंतचे सरळ अंतर मात्र सुमारे सव्वाशे किलोमीटर.

जूनमध्ये सोळा दिवसांत यापेक्षा थोडे जास्त अंतर कापले गेले होते. जुलैत गेलेला वेग थेट पुढच्या वसंतात परत आला, आणि इटलीतले जर्मन सैन्य २ मे १९४५ रोजी शरण आले. या आघाडीच्या कलाटणीची तारीख कोणत्याही मोठ्या लढाईच्या नावाने सांगता येत नाही. ती उंबेर्तिदे आणि चित्ता दी कास्तेल्लो यांमधल्या सतरा दिवसांत शोधावी लागते. तिची किंमत किती पडली हे डिव्हिजनच्या नकाशावर दिसत नाही. ते दहा माणसांच्या एका सेक्शनच्या कागदातून कळते. इटलीच्या मोहिमेचा इतिहास लिहिताना पळसगावच्या नाईकाचे मानपत्र वापरायचे ते यासाठी.